पेशंट ठणठणीत, पोटॅशियम ९

लॅबला लागून मला जेमतेम तिसरा आठवडा होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास बायोकेमिस्ट्रीच्या मशीनवरून सरांनी आवाज दिला, "हे कलेक्शन कोणाचंय?" आवाज चढलेला नव्हता, पण लॅबमध्ये हा प्रश्न कौतुक करायला कोणी विचारत नाही एवढं तीन आठवड्यांत कळलं होतं. गेले बघायला तर स्क्रीनवर पोटॅशियम ९.१ आणि कॅल्शियम ३ च्याही खाली. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असतं, साडेसहाच्या पुढे गेलं की लगेच डॉक्टरांना फोन लावायचा असतो कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ९ म्हणजे तो माणूस आयसीयूत मॉनिटर लावून पडलेला असायला पाहिजे. आमचा माणूस बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता, रिपोर्टला अजून किती वेळ म्हणून दोनदा विचारूनही गेला होता.

सर म्हणाले, "जांभळ्यातलं पिवळ्यात ओतलंस ना?"

मला घाम फुटला, कारण ओतलं होतं. झालं असं की मी आधी जांभळी ट्यूब भरली (ती पण चूकच, ते पुढे सांगते), मग पिवळी निम्म्यावर आली आणि शीर बसली, रक्त येईचना. पेशंटला परत टोचायचं जिवावर आलं. म्हटलं रक्त ते रक्तच, एकाच माणसाचं, एकाच हातातलं, जांभळी काठोकाठ भरलीय, त्यातलं थोडं इकडे घेतलं तर कुठे काय बिघडतंय. झाकण उघडलं आणि ओतलं. कोणी बघितलं नाही.

पण मशीनने बघितलं. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. ते गोठू देत नाही कारण ते कॅल्शियमला घट्ट पकडून ठेवतं. आणि ट्यूबमध्ये ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असतं. म्हणजे त्यातलं रक्त दुसरीकडे ओतलं की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. अल्कलाइन फॉस्फटेज पण पडतं, त्या एन्झाइमला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियम पण ईडीटीए ओढून घेतं. सरांना ही जोडी बघूनच कळलं होतं, मला विचारलं ते फक्त मी कबूल करते का बघायला. मशीनची काही चूक नव्हती, ट्यूबमध्ये जे होतं तेच तिने मोजलं.

त्या काकांना आत बोलावून परत टोचलं. मी सॉरी म्हटलं, ते म्हणाले होतं असं कधीकधी, आणि त्यांच्या चांगुलपणाने मला जास्तच लाज वाटली. खरं पोटॅशियम ४.३ निघालं. समजा तो रिपोर्ट तसाच गेला असता आणि पलीकडे कोणी घाईत पोटॅशियम उतरवायचं औषध सुरू केलं असतं तर? हा विचार रात्री झोपताना आला आणि बराच वेळ गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, महिनाभर मशीनला हात लावायचा नाही, कलेक्शनला मॅडमच्या हाताखाली बसायचं. मला तेव्हा शिक्षा वाटली. मी काय, सुया टोचायला शिकले का, मला मशीन चालवायचं होतं.

मॅडम म्हणजे आमच्या कलेक्शनच्या सिनिअर, वीसेक वर्षं हेच करतायत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही सुई दिली नाही, फक्त ट्यूबा रांगेत लावायला सांगितल्या, मी लावल्या की त्या विस्कटायच्या, परत लावायच्या. कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या सगळ्यात आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. रंग कंपनीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात पण आतलं रसायन आणि क्रम तोच. कारण एका ट्यूबमधलं रसायन सुईच्या टोकाला लागून पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतं, म्हणून जांभळी पिवळीच्या आधी घ्यायची नाही. कॉलेजमध्ये हे पाठ करून मी पेपरात पूर्ण मार्क मिळवले होते हे वेगळं सांगायला नको.

निळी ट्यूब हे एक वेगळंच प्रकरण. त्यात सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण ठरलेलं, त्यामुळे रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. कमी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला येतो, पेशंटचं रक्त पातळ नसताना पातळ दिसतं. मला एक गोष्ट बरेच दिवस कळत नव्हती, बटरफ्लाय सुईने घेतली की माझी निळी ट्यूब दर वेळी जरा कमीच भरायची. मॅडमनी एकदा नुसती बटरफ्लायची नळी माझ्या डोळ्यासमोर धरली. त्या नळीत हवा असते, ती आधी ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी ओढलं जातं. म्हणून निळी पहिली असेल तर आधी एक टाकाऊ ट्यूब लावायची, नळी रक्ताने भरली की ती काढून खरी लावायची. इतकी साधी गोष्ट आणि मी शिरेला दोष देत बसले होते.

मग टूर्निकेट. माझी सवय होती की पट्टा बांधायचा, मग शीर शोधायची, मग ग्लोव्ह, मग स्पिरिट, मग ट्यूबा उघडायच्या, तोपर्यंत पेशंटचा हात निळा. मॅडम घड्याळ लावून बसायच्या, एक मिनिट झालं की "सोड" म्हणायच्या, मी कुठेही असो. पट्टा जास्त वेळ राहिला की पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि आत प्रोटीन, कॅल्शियम, पेशी सगळं घट्ट होऊन जास्त दिसतं. आणि मूठ उघडझाप करायला सांगायचं नाही, हे तर मी अगदी उत्साहाने सांगायचे. स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं त्याने. आता पेशंट आपणहून सुरू करतात, कारण वर्षानुवर्षं सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलंय, मग "आजी, मूठ नुसती मिटून ठेवा" असं दिवसातून पन्नास वेळा म्हणावं लागतं.

स्पिरिटबद्दल एक कबुली देऊन टाकते. ७० टक्के अल्कोहोलने पुसल्यावर अर्धा मिनिट आपोआप वाळू द्यायचं असतं, वाळताना ते जंतू मारतं आणि ओलं असताना टोचलं तर झोंबतंही. मला तो अर्धा मिनिट काढवायचा नाही, मी फुंकर मारायचे. हो. पेशंटच्या पुसलेल्या हातावर तोंडाने फुंकर. मॅडमनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या काही बोललेच नाहीत, नवीन स्वॅब उघडून माझ्या हातात दिला आणि बघत राहिल्या. पुसल्यावर शीर गेली कुठे म्हणून परत बोटाने चाचपणं हाही त्यातलाच प्रकार, तो सुटायला मला आणखी दोन आठवडे लागले.

लेबलवर मात्र त्या आवाज चढवायच्या. नियम दोन. पेशंटला "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असं विचारायचं. आणि लेबल आधी चिकटवून ठेवायचं नाही, रक्त घेतल्यावर, पेशंट समोर असताना, खुर्चीवरून उठायच्या आधी लावायचं. मला हे जरा अति वाटायचं. मग एके सकाळी एक कमी ऐकू येणारे आजोबा आले, मी कॉम्प्युटरवर बघून नाव घेतलं, ते हो म्हणाले, बसले, बाही वर केली. पट्टा बांधता बांधता सहज आठवण झाली म्हणून विचारलं, पूर्ण नाव काय आजोबा? त्यांनी सांगितलं ते नाव माझ्या यादीत तीन नंबर खाली होतं. आजोबा सगळ्यालाच हो म्हणत होते. शुगर असती तर एक वेळ कळलं असतं, आधीच्या रिपोर्टशी जुळलं नसतं म्हणून कोणीतरी शंका घेतली असती. पण क्रॉसमॅचचं, म्हणजे रक्त चढवण्याआधी जुळतं का बघायचं सॅम्पल असेल आणि आधीचा रक्तगट रेकॉर्डवर नसेल तर पकडणार कोण? लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट वेगळे असतात हे दाखवून दिलं, ते ज्ञान ट्यूबवरच्या एका चुकीच्या स्टिकरने शून्यावर येतं.

रक्त घेतलं की ट्यूब हळूच उलटीसुलटी करायची, जांभळी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा. हलवायची म्हणजे औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवायची नाही, लाल पेशी फुटतात, आणि फुटल्या की आतलं पोटॅशियम, एलडीएच नावाचं एन्झाइम बाहेर येतं. सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) पिवळसर यायच्या ऐवजी गुलाबी नाहीतर चक्क लाल. बारीक सुई आणि सिरिंजने जोर लावून ओढलं तरी तेच होतं, आणि मग तेच रक्त ट्यूबमध्ये प्लंजर दाबून ढकललं तर उरलंसुरलं पण जातं. हलवलीच नाही तर जांभळीत बारीक गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यात अडकतात आणि काउंट कमी येतो, पेशंटच्या घरी रडारड. (काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात, मग स्लाइडवर पुंजके दिसतात आणि निळ्या ट्यूबमध्ये परत घेऊन बघावं लागतं. पण तो दोष आपला नाही.)

महिना संपला, मला आत घेतलं. आत म्हणजे सॅम्पल रिसीव्हिंगला, मशीन अजून लांबच. तिथे बसल्यावर दुसऱ्यांच्या चुका आपल्या टेबलवर येतात. अर्धी निळी, गोठलेली जांभळी, लेबल नसलेली, दोन लेबलं असलेली. ग्लुकोजचं सलाइन चालू असलेल्या हातातून वरच्या बाजूने काढलेलं सॅम्पल, ज्यात साखर ७०० आणि बाकी सगळं पातळ. रिजेक्ट केलं की वॉर्डमधून फोन येतो, "तुम्हाला काय जातं करायला, पेशंटला परत टोचायचं आम्हाला आहे." बरोबर आहे त्यांचं, त्रास त्यांनाच आहे. पण मला नऊचं पोटॅशियम आठवतं आणि मी शांतपणे सांगते, नवीन पाठवा.

सेंट्रीफ्यूजपाशी पण माझी घाई आडवी आलीच. पिवळी ट्यूब उभी ठेवून अर्धा तास नीट गोठू द्यायची, मग फिरवायची. मी एकदा पंधरा मिनिटांत फिरवली, वरून छान सीरम दिसलं, मशीनच्या प्रोबने आत बुडी मारली आणि फायब्रिनचा (ज्याने रक्ताची गुठळी बनते त्याचा) चिकट धागा ओढून घेतला, जेली असते ना तसा. प्रोब चोक, अर्धा तास मशीन बंद, सरांची नजर. उलट उशीर केला तरी पंचाईत, न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात बसतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते. म्हणून शुगरला करडी ट्यूब, फ्लोराइडवाली, पण फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायलाही तास-दोन तास जातात, तेव्हा करडी आहे म्हणून निवांत राहता येत नाही. आणि न फिरवलेलं सॅम्पल फ्रिजमध्ये टाकलं तर टिकेल असं वाटतं, पण गारठ्यात पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर गळत राहतं. परत पोटॅशियम! माझ्या मागेच लागलं होतं.

झाकण उघडायची पण रीत आहे. अंगठ्याने फट्‌कन उडवलं की बारीक तुषार उडतात, दिसत नाहीत पण उडतात. गॉज धरून, तोंडापासून लांब, पिळून काढायचं. आणि फिरत्या सेंट्रीफ्यूजमध्ये ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर बंद करून अर्धा तास झाकण उघडायचंच नाही, आतलं हवेतलं सगळं खाली बसू द्यायचं. एकदा साफसफाई करताना कीबोर्डच्या कडेला तपकिरी वाळका ठिपका दिसला, मी नखाने खरवडायला गेले तर शेजारचा ओरडलाच. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो. टिश्यू, त्यावर हायपोक्लोराइट (ब्लीच), थोडा वेळ थांबा, मग पुसा. त्या कीबोर्डवर आम्ही सगळेच जण हात चालवायचो, काही जण ग्लोव्ह घालून, काही जण ग्लोव्ह काढून, आणि खरी गडबड तिथेच होती.

चौथ्या महिन्यात मला टोचलं.

तोपर्यंत कलेक्शनमध्ये हात बसला होता. एका सकाळी एक तरुण मुलगा, उंच, दणकट, असेच पडतात बरं का, सुई लागल्या लागल्या पांढरा पडला आणि मान टाकली. मी पट्टा सोडला, सुई काढली, इथपर्यंत ठीक. सुईला सेफ्टीचं झाकण होतं, अंगठ्याने खट्‌कन पुढे ढकललं की झालं, सुया टाकायचा डबा हाताच्या अंतरावर होता. पण मुलगा खुर्चीवरून घसरत होता, मी सुई तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि त्याला धरलं. त्याला आडवं केलं, पाय वर केले, दोन मिनिटांत तो हसायला लागला. मी पण हसले. आणि हसत हसत ट्रेमधले कापसाचे बोळे एका मुठीत गोळा केले.

आधी काही वाटलंच नाही, मुंगी चावल्यासारखं. मग ग्लोव्हच्या आत तर्जनीच्या टोकाला लाल टिंब दिसलं आणि ते पसरत गेलं. ग्लोव्ह काढला आणि बोट दाबायला लागले, सगळं बाहेर काढावं म्हणून, तोंडाकडे पण नेलं असतं बहुतेक. मॅडमनी मनगट पकडलं. "दाबू नकोस. नळाखाली धर. साबण लाव." बस, एवढंच करायचं असतं. दाबायचं नाही, चोखायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही.

पाण्याखाली बोट धरून उभी असताना पहिला विचार काय आला सांगू? की सांगायचं नाही. बारीकसंच आहे, मुलगा धडधाकट आहे, फॉर्म भरला की सगळ्यांना कळणार, सर म्हणणार परत हीच. मॅडम शेजारी नसत्या तर मी खरंच गप्प बसले असते.

दहाव्या मिनिटाला मी डॉक्टरांसमोर होते. त्यांनी आकडे सांगितले ते अजून पाठ आहेत. बाधित माणसाची सुई लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनेक, हिपॅटायटिस सी शंभरात दोनच्या आत, आणि हिपॅटायटिस बी, लस घेतलेली नसेल तर, शंभरात ६ ते ३०. मी घाबरले होते एचआयव्हीला आणि मोठा आकडा दुसऱ्याचाच होता. मग त्यांनी विचारलं, लसीचे तीन डोस झाले? ०, १ आणि ६ महिने. माझे दोन झाले होते. तिसरा कॉलेजच्या परीक्षेत राहून गेला तो गेलाच, आणि लॅबला लागताना फॉर्मवर मी "हो" लिहिलं होतं.

त्या मुलाला विचारून, त्याची संमती घेऊन त्याचं रक्त तपासायला पाठवलं. तो बिचारा मलाच सॉरी म्हणत होता. रिझल्ट यायला काही तास लागणार होते आणि एचआयव्हीचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांच्या आत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, म्हणून पहिला डोस लगेच दिला. घ्यायचंच झालं तर पूर्ण २८ दिवस. त्याच दिवशी लसीचा तिसरा डोस दंडात, आणि माझं बेसलाइनचं रक्त, म्हणजे पुढच्या तपासण्यांशी ताडून बघायला. संध्याकाळपर्यंत मी फोन हातात धरून बसले होते, घरी काही सांगितलं नव्हतं, आईने दोनदा विचारलं काय झालंय, मी डोकं दुखतंय म्हटलं. सात वाजता मॅडमचा फोन आला, सगळं निगेटिव्ह, गोळ्या बंद. फोन ठेवल्यावर रडले ते वेगळं.

विंडो पीरियडची (लागण होऊनही तपासणीत अजून दिसत नाही त्या काळाची) शंका नको म्हणून सहा आठवड्यांनी परत तपासणी होती, आणि लसीची अँटीबॉडी पण तेव्हाच बघायची होती, १० युनिटच्या वर असली की संरक्षण आहे असं धरतात. सॅम्पल आमच्याच कलेक्शनला द्यायचं. समोर नवीन आलेली मुलगी, माझ्यानंतर दोन महिन्यांनी लागलेली, रोज माझ्या शेजारी बसते. खुर्चीवर बसले, बाही वर केली. ती म्हणाली, "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा."

म्हटलं अगं मीच आहे. ती ट्यूब हातात धरून तशीच थांबली. मी सांगितलं.

त्या खुर्चीतून सगळं वेगळंच दिसतं. पट्टा किती आवळतो ते कळलं, स्पिरिट वाळेपर्यंतचा अर्धा मिनिट किती मोठा असतो ते कळलं. मी मूठ उघडझाप करत होते, तिनेच टोकलं. सुई निघाली, खट्‌ आवाज आला, मग डब्यात पडल्याचा आवाज, तोपर्यंत मी मान वर केली नव्हती. तिने ट्यूब पाच-सहा वेळा उलटी केली, मी मनात मोजत होते, मग लेबल माझ्यासमोर धरून दाखवलं आणि चिकटवलं.

अँटीबॉडी २०० च्या वर आली, बाकी सगळं निगेटिव्ह. फक्त हातावर मोठा काळानिळा डाग पडला, आठवडाभर होता. रोज शंभर लोकांना हात सरळ ठेवून कापूस दाबून धरा म्हणून सांगते आणि मी स्वतः कोपर दुमडून उठले होते.